नलू जाऊन राहिली

अमरावतीच्या राजापेठेत मावशीकडे राहून मी कॉलेज केलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो आहे आणि ते खोटं नाही. पण त्या घरात माझ्याकडे खरं काम दुसरंच होतं. दर बुधवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मिश्राजींच्या हॉटेलात जाऊन रेडिओवरची श्रुतिका ऐकायची आणि गुरुवारी दुपारी ती अंगणातल्या बायांना सांगायची. श्रुतिका म्हणजे नुसत्या आवाजांचं नाटक. ही एका पांढरपेशा घरातली गोष्ट होती आणि ती दर आठवड्याला थोडी थोडी पुढे सरकायची. आमच्या गल्लीत रेडिओ तेवढा एकच, आणि बायांनी हॉटेलात जाऊन बसायची रीत नव्हती. म्हणून मी. कौंडण्यपुराजवळच्या आमच्या खेड्यातून मी शिकायला आलो तेव्हा घराण्यात कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. माझ्या आईला वाटायचं, पोरगा मोठमोठी पुस्तकं वाचत असेल. मी वाचतही होतो. पण मावशीच्या अंगणात माझी जी काही पत होती ती बुधवारामुळे होती.

मावसाजींचा फुलांचा धंदा होता. शेतातून टोपल्या उजाडायच्या आत यायच्या आणि ओल्या गोणपाटावर झेंडू, शेवंती, गुलछडीचे ढीग पडायचे. दुपारची जेवणं आटोपली की हार ओवायला चौघी बसायच्या. मावशी, तिची मुलगी सिंधू, शेजारच्या गोकुळाबाई आणि समोरच्या घरातल्या सरूआजी. गोकुळाबाईंच्या घरची माणसं नुकतीच बौद्ध झाली होती. सरूआजी त्यांच्या घरचं पाणी पीत नसत, पण गोष्ट सुरू झाली की नीट ऐकू यावं म्हणून सरकत सरकत नेमक्या त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसत, आणि मत पटलं नाही की त्यांच्याच गुडघ्यावर चापट मारत. आजींना एका कानानं कमी ऐकू यायचं. कोणत्या कानानं, ते मात्र त्या दिवसाच्या गोष्टीवर असायचं. मावशीचं स्वयंपाकघर अंगणालाच लागून होतं. आंबाडीची भाजी, वरून कच्चं तेल, कडक ज्वारीची भाकर आणि तव्यावर रगडलेला ठेचा एवढं खाऊन मी भिंतीला टेकलो, की मावशी सुईत दोरा ओवत म्हणायची, "हं, सांग रे दिनू. काय म्हणते तुही नलू?"

नलू माझी नव्हती. पण श्रुतिकेतल्या त्या मुलीचा सारा भार माझ्यावर होता हे खरं. ती मॅट्रिक झालेली होती, तिला दुसऱ्या गावी वसतिगृहात राहून पुढे शिकायचं होतं आणि तिची आई तिला जाऊ देत नव्हती. बाप नुसता खोकायचा. बंडू नावाचा एक धाकटा भाऊ होता, तो सगळ्या बातम्या पळत येऊन सांगायचा. बोलणारी माणसं बहुतेक पुण्याकडची असावीत. 'अगंबाई', 'इश्श', 'चल, काहीतरीच काय' असलं ते बोलणं मला कॉलेजातल्या काही मुलांच्या तोंडी ऐकून माहीत झालं होतं. मी ते जसंच्या तसं पाठ करून आणायचो आणि तसंच म्हणून दाखवायचो. मला नक्कल येत नसे, आवाज बदलता येत नसे. पण आपण एक शब्द जरी बदलला तर ते लबाडीचं होईल, अशी माझी समजूत होती. सुरुवातीला मावशी कंटाळायची. "अरे, मराठीत सांग न रे," असं म्हणायची. मग आमची तडजोड झाली. कोण आलं, कोण गेलं, कोण रडलं ते मी आमच्या बोलीत सांगायचं आणि माणसं बोलली ते मात्र रेडिओच्या बोलीत. मावशी शेजारणींना अभिमानानं सांगायची, "माहा दिनू पदरची मीठमिरची लावत नाई. रेडिओ तसा दिनू."

आता आमच्या घरी भिंतीएवढा टीव्ही आहे आणि सूनबाई रोजच्या मालिकेवर फोनवरून बहिणीशी तासभर बोलते. सासू अशी का वागली, नवऱ्यानं तोंड का उघडलं नाही. मी पेपर पुढे धरून ऐकतो. मतं तीच आहेत. फरक एवढाच, की त्या दोघींनी ती मालिका डोळ्यांनी पाहिलेली असते. आमच्या अंगणातल्या चौघींनी नलूचा आवाजसुद्धा कधी ऐकला नव्हता. त्यांनी ऐकली ती सगळी नलू माझ्या जाड्याभरड्या आवाजातली होती, आणि तरी तिच्या वेणीच्या लांबीवरून गोकुळाबाई आणि सरूआजी यांच्यात एकदा अबोला झाला होता.

मिश्राजींच्या हॉटेलात ऐकणं सोपं नव्हतं. रेडिओ उंच फळीवर, त्यावर क्रोशाचा रुमाल, खाली आलूबोंड्याची कढई. ऐकायला बसलेल्या पुरुषांना गोष्ट संपेपर्यंत दम नसे. शिंपी गणपतभाऊ रेडिओतल्या बापाला सरळ हाक मारायचा, "अबे, बोल न काहीतरी! पोरीचा बाप आहेस का पावना?" टांगेवाला रहीमचाचा म्हणायचा, "बोलेगा कैसे, घर में जो रहना है." मग सगळे हसायचे आणि तेवढ्यात नलूची दोन वाक्यं वाहून जायची. मी फळीच्या अगदी खाली, कढईचा चटका सोसत उभा राहायचो. मिश्राजी मला 'रिपोर्टर साहब' म्हणायचे.

आता सिंधूचं सांगतो. माझ्यापेक्षा थोडी लहान. हार ओवण्यात तिचा हात सगळ्यांत चपळ, आणि त्या वर्षी ती मॅट्रिक झाली होती. अकोल्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला तिला जागा मिळाली होती. राहायला तिथलंच वसतिगृह होतं. महिनाअखेर हजर व्हायचं होतं. मावसाजी म्हणाले, "तुह्या मायले विचार." मावशीला विचारलं की ती सुईत दोरा ओवायला लागायची, ओवलेला असला तरी. तिला भीती होती ती साधीच होती. पोरगी एकदा घराबाहेर राहिली की मग घराची राहत नाही. आणि हे सरळ बोलणं तिला जमत नव्हतं, म्हणून तिनं एक भलतीच वाट काढली. एका गुरुवारी ती म्हणाली, "त्या नलूचं काय होते ते पाहू पयले. मंग तुयं पाहू."

"माय, ते नाटक आहे व!" सिंधू म्हणाली.

"असंल. पण बनवणारे शिकलेले हायेत न? काही पाहूनच बनवत असतील."

सिंधूनं माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी विहिरीवर तिनं मला गाठलं. "दिनूभाऊ, या बुधवारी नलूले पाठवून देजो."

"मी कसा पाठवू? पाठवणारे वेगळे आहेत."

"सांगणारा तर तूच हायेस न!"

मी नाही म्हणालो. सिंधू रागानं बादली आपटून गेली. मला वाईट वाटलं, पण लबाडी करायची कल्पना येताच माझी जीभ टाळूला चिकटायची, हे मला माहीत होतं. मी नलूच्या बाजूनं मनातल्या मनात प्रार्थना तेवढी करत राहिलो. तीन बुधवार नलूची आई नाहीच म्हणत होती आणि इकडे महिना सरत आला होता.

त्या बुधवारी हॉटेलात गर्दी होती. नलूच्या घरात भांडण झालं होतं, दार आपटलं होतं, मग बराच वेळ नुसतं घड्याळ वाजत होतं. गणपतभाऊसुद्धा गप्प होता. आणि मग पळत येणारी पावलं वाजली आणि बंडूचा आवाज आला, "आई, आई! ताई वसतिगृहात जाऊन राहिली!" लगेच जोरात वाद्यं वाजली आणि भाग संपला.

हॉटेलात एकच गलका झाला. तो नलूसाठी नव्हता. "अरे, आपल्यासारखं बोललं न पोट्टं!" गणपतभाऊ बाकावर उभाच राहिला. "जाऊन राहिली म्हणे!" मिश्राजी झारा हलवत म्हणाले, "देखा, आखिर रेडिओवाले भी वऱ्हाडी सीख गए." मलाही इतका आनंद झाला की चटका बसलेला हात मी विसरलो. कॉलेजात मी एवढ्याच भीतीनं तोंड उघडत नसे, की तोंडून 'मी वाचून राहिलो' असं काही निघेल आणि पोरं हसतील. आम्ही 'जेवून राहिलो' म्हणतो तेव्हा ताटावर बसलेलो असतो, 'जाऊन राहिलो' म्हणतो तेव्हा पाय उंबऱ्यावर असतो. आणि आज साक्षात रेडिओ तसं बोलला होता.

गुरुवारी दुपारी मी सगळं सांगितलं. भांडण, दार, घड्याळ. आणि शेवटी बंडूचं वाक्य, एक अक्षर न बदलता.

क्षणभर चारही सुया थांबल्या. "जाऊन राहिली?" सरूआजींनी कान पुढे केला. तो चांगला कान होता. "असंच म्हणलं रेडिओनं?"

"असंच म्हणलं."

"आता कुठं माणसावानी बोलला मेला!"

गोकुळाबाई म्हणाल्या, "म्हंजे निघाली आहे. दारात उभी असंल पोरगी, पेटी घेऊन. अन माय कुठी आहे?"

"माय आत बसली आहे," मी म्हणालो. मला तसंच दिसत होतं.

आणि मावशी एकदम तापली. तिच्या हातातली शेवंती खाली पडली. "आत काहून बसली ते? पोरगी जाऊन राहिली अन माय आत बसली! काही खायाले देलं का तिले? परक्या गावी चालली, दशम्या तरी बांधून द्याव्या का नाई? जाणाऱ्या लेकराले असं रिकाम्या हातानं लावून देतात का? कसली माय व हे!"

"नाई म्हणत होती न ते," गोकुळाबाई म्हणाल्या.

"नाई म्हणे तवा म्हणे. आता निघाली न पोरगी! निघालेल्या पोरीले अडवून काय भेटते? रडत रडत जाईल, एवढंच."

सिंधूनं हातातला हार हळूच गोणपाटावर ठेवला. "मंग माय," ती म्हणाली, "मीबी जाऊन राहिली."

मग सरूआजींनी गोकुळाबाईंच्या गुडघ्यावर अशी चापट मारली की फुलं उडाली, आणि सगळ्या हसायला लागल्या. मावशी तेवढी हसली नाही. ती पोरीकडे पाहत राहिली. मग फुलं गोळा करत म्हणाली, "डब्याले झाकण नाई आपल्या. तुह्या बापाले आणाले सांग."

शुक्रवारी झाकणाचा डबा आला. शनिवारी कॉलेजात तास सुटल्यावर व्हरांड्यात पोरं उभी होती आणि श्रुतिकेवरच बोलत होती. मुकुंद म्हणून एक मुलगा होता, त्याचे वडील बदली होऊन पुण्याहून आलेले. तो म्हणाला, "मला नाही पटलं. आईला न सांगता वसतिगृहात जाऊन राहिली म्हणजे काय? निदान विचारायचं तरी."

मी इतके महिने व्हरांड्यात नुसता ऐकायला उभा राहायचो. पण नलूच्या बाबतीत मी इतरांसारखा नव्हतो, मी अधिकारी माणूस होतो. मी म्हणालो, "पण ती गेली कुठे आहे? ती तर आत्ता जाऊन राहिली."

"तेच तर. जाऊन राहिली. म्हणजे गेली आणि राहिली. चार दिवस झाले असतील जाऊन."

"नाही, नाही. जाऊन राहिली, म्हणजे अजून दारातच आहे."

मुकुंद माझ्याकडे बघत राहिला. मग त्याला उलगडा झाला आणि तो हसत सुटला. वाईट हसणं नव्हतं ते, पण आसपासची पोरंही हसली. अकोटचा एक मुलगा तेवढा माझ्या बाजूनं म्हणाला, "मीबी तसंच समजलो होतो गा." मला त्याचा आधार वाटायला हवा होता. पण माझं लक्ष हसण्याकडे नव्हतंच. माझ्या डोळ्यांपुढे मावशी होती. मी शब्द न बदलता आणला होता, आणि तरी भलतीच गोष्ट तिच्या पदरात टाकली होती. नलू विचारून गेलेली नव्हती. ती गेलेलीच होती. मावशीला ज्याची भीती होती, नेमकं तेच नलूनं केलं होतं.

घरी येईपर्यंत मी दोनदा ठरवलं की सांगायचं नाही आणि दोनदा ठरवलं की सांगायचं. दारातच सिंधू भेटली. तिला मी सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "आताच सांगतोस? मंगळवारी मी चालली जाईन, मंग सांगजो."

"तिनं तुला पाठवायचं ठरवलं ते माझ्या सांगण्यावरून. ते सांगणं चुकलं आहे."

"तू काय खोटं सांगितलं? रेडिओ बोलला तेच सांगितलं न?"

हे बरोबर होतं आणि तरी बरोबर नव्हतं. मला तिला समजावता येईना. मी आत गेलो. मावशी चुलीपुढे बसून सोऱ्यानं कढईत शेव पाडत होती. डब्यात अर्धी भरली होती. मी चौकटीला धरून उभा राहिलो आणि अडखळत सगळं सांगितलं. 'जाऊन राहिली'चा तिकडे काय अर्थ होतो तेही. सिंधू माझ्या मागे उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

मावशीचा हात सोऱ्यावरच थांबला. "म्हंजे मायले न सांगता गेली?"

"हो."

"कोणालेच नाई विचारलं?"

"शेवटी नाही विचारलं."

कढईतली शेव लाल व्हायला लागली. मावशीचं तिकडे लक्ष नव्हतं. मग तिनं मला असं काही विचारलं, जे रेडिओनं सांगितलेलं नव्हतं. "विचारलं असतं तर पाठवलं असतं का रे तिच्या मायनं?"

मी विचार केला. खरंच केला. आधीचे तिन्ही भाग आठवून पाहिले. "नाही," मी म्हणालो. "नसतं पाठवलं."

"मंग न विचारता गेली त्याचं नवल काय?" तिनं झाऱ्यानं शेव काढली. जास्त झालेली होती, तरी टाकली नाही, ताटलीत बाजूला ठेवली. मग माझ्याकडे न पाहता, माझ्या मागे पाहून म्हणाली, "आपली विचारून राहिली. कवाची विचारून राहिली बिचारी."

त्यानंतर तिनं सिंधूला पीठ मळायला बसवलं, कारण दशम्या व्हायच्या होत्या. मला ताटलीतली लाल शेव खायला दिली. मी आयुष्यात पुढे भाषेचाच मास्तर झालो, आणि क्रियापदांचे काळ शिकवताना ते स्वयंपाकघर मला अनेकदा आठवलं. अजून विचारणं संपलेलं नाही, उत्तर द्यायला अजून वेळ आहे, एवढं सगळं त्या एका 'राहिली'त होतं. वर्गात मी हे कधी नीट सांगू शकलो नाही.

मंगळवारी सिंधूला घेऊन मीच अकोल्याला गेलो. मावसाजींना सणाच्या फुलांची गडबड होती. मावशी गल्लीच्या टोकापर्यंत आली आणि तिथून वळली, मागे न पाहता. जठारपेठेत मावसाजींच्या नात्यातलं एक घर होतं, तिथे मी उतरलो. बुधवारी सिंधूची पेटी वसतिगृहात पोचवणं, तिथल्या बाईंना भेटणं, तिला बादली आणि चटई घेऊन देणं यात दिवस गेला. संध्याकाळी त्या घरातल्या ओट्यावर बसलो तेव्हा मला दचकून आठवलं की आज बुधवार, आणि अमरावतीला मिश्राजींच्या फळीखाली कोणी उभं नाही.

गुरुवारी सकाळी वसतिगृहात सिंधूला भेटून निघालो आणि दुपारी परतलो, थेट अंगणातच. गोणपाटावर तिघी बसल्या होत्या आणि चौथ्या जागी फुलं पडलेली होती. मी पिशवी ठेवायच्या आत सरूआजी म्हणाल्या, "आला बाप्पा! सांग लवकर. काय झालं नलूचं? मायनं जाऊ देलं का नाई?"

"आजी, मी ऐकलंच नाही. मी अकोल्यात होतो."

"ऐकलं नाई?" आजी भडकल्या. "एवढे दिवस बसवून बसवून सांगितलं अन आता शेवटाले ऐकलं नाई म्हणतो! दुसऱ्या कोणाले सांगून नव्हतं जाता येत?"

"हॉटेलात विचारून येतो," मी म्हणालो.

"राहू दे," मावशी म्हणाली. "तू बस. मले सांग पयले, तिकडचं कसं आहे?"

मी सांगितलं. खोलीला खिडकी आहे. शेजारची मुलगी मूर्तिजापूरची आहे. बाई कडक आहेत पण बऱ्या आहेत. डबा पहिल्याच संध्याकाळी सगळ्या पोरींनी मिळून निम्मा संपवला. मावशी मान न उचलता ऐकत होती. सरूआजींनी मध्येच गोकुळाबाईंना विचारलं, "कोणाचं सांगून राहिला हा? नलूचं?"

गोकुळाबाईंनी मावशीकडे पाहिलं. "हाव आजी," त्या म्हणाल्या. "नलूचंच."

"अन मायचं? मायचं काय झालं?"

मावशीनं एक झेंडू घेतला, सुईत घातला, पुढे सरकवला.

"मायले दोन दिवस भाकर गेली नाई आजी," ती म्हणाली. "आज जेवली."

"जेवली न? बरं झालं व माय," सरूआजी समाधानानं मागे टेकल्या. "मले वाटे, हे रेडिओवाले तिले उपाशीच मारतात."